जमिनीवरचे युद्ध : एच. जी. वेल्स

एच. जी. वेल्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कालयंत्र येते, अदृश्य माणूस येतो, मंगळावरून उतरलेली ती तीन पायांची अजस्र यंत्रे येतात. इंग्रजीच्या तासाला आपण त्याच्याविषयी जे ऐकतो तेही साधारण एवढेच. पण हाच गृहस्थ वयाच्या चाळिशीनंतर, दूरदूरच्या देशांत कीर्ती पसरलेली असताना, जमिनीवर गुडघे टेकून शिशाच्या शिपायांची पथके एक एक फूट पुढे सरकवीत असे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मला वेल्स आवडू लागला तो त्याच्या कादंबऱ्यांमुळे नव्हे, या खेळामुळे. म्हणून त्याचे चरित्र मी या बाजूने सांगणार आहे.

1913 साली त्याने ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. लहान लढाया, असे त्याचे नाव मराठीत करता येईल. पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकात त्याने हा खेळ कोणासाठी आहे ते सांगून टाकले आहे : बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी, आणि मुलग्यांचे खेळ व पुस्तके आवडणाऱ्या जरा अधिक हुशार अशा मुलींसाठी! त्या हुशार मुलींत माझी गणना व्हावी की नाही ते वाचकांनी ठरवावे. मी ते पुस्तक वाचले आहे आणि त्यातला खेळ खेळलेही आहे, एवढे खरे.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म 21 सप्टेंबर 1866 रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात ब्रॉमली या गावी झाला. घरात त्याला बर्टी म्हणत. वडील जोसेफ वेल्स चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकण्याचे दुकान चालवीत. दुकान कधी नीट चालले नाही. मात्र जोसेफ क्रिकेट उत्तम खेळत आणि त्यातून चार पैसे मिळवीत. 1862 साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले होते, आणि बाद झालेल्या त्या चौघांत जेन ऑस्टिनच्या नात्यातला एक जण होता. इंग्रजी वाङ्मय आणि क्रिकेट या दोन्ही विषयांत रस असलेल्या आमच्या वर्गातील मंडळींना ही माहिती मी मुद्दाम भेट म्हणून देते.

आई सारा लग्नापूर्वी एका बड्या घरात मालकिणीची दासी होती. नवऱ्याच्या मांडीचे हाड मोडून क्रिकेटची मिळकत बंद झाली, तेव्हा तिने पुन्हा नोकरी धरली आणि ती अपपार्क नावाच्या वाड्याची कारभारीण झाली. बर्टी सातव्या वर्षी पाय मोडून अंथरुणाला खिळला होता. वडील वाचनालयातून पुस्तके आणून देत, आणि मुलगा ती फस्त करी. त्याच्या वाचनाची सुरुवात त्या मोडक्या पायापासून झाली, असे तो स्वतःच मानीत असे.

या वाचनात लढायाही होत्याच. ब्रॉमलीच्या आसपास एकटाच फिरताना हा हडकुळा मुलगा मनातल्या मनात सेनापती होत असे. गावाजवळ मार्टिन्स हिल नावाची एक टेकडी होती. तिच्यावर त्याने किती लढाया जिंकल्या असतील याची गणती नाही. तोफा कोठे मांडायच्या, घोडदळ कोणत्या वळणावर दबा धरून बसवायचे, हे सगळे ठरलेले असे. वाटेने जाणाऱ्या माणसांना मात्र खांदे पाडून चालणारे एक किरकोळ पोर तेवढे दिसे. हा छंद तेराव्या वर्षापर्यंत टिकला. या टेकडीची आठवण पुढे पुन्हा काढावी लागणार आहे.

यानंतर आली दुकानदारीची उमेदवारी. 1881 ते 1883 अशी दोन वर्षे तो साउथसी येथील एका कापडदुकानात राबला. तिथे दिवसाचे काम तेरा-तेरा तासांचे आणि झोपायला सगळ्यांची मिळून एकच खोली. शेवटी एका रविवारी सकाळी तो सतरा मैल चालत आईकडे गेला आणि मी तिथे परत जाणार नाही असे त्याने तिला निक्षून सांगितले. 1884 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. तिथे त्याला जीवशास्त्र शिकवायला टी. एच. हक्सले होते, डार्विनच्या बाजूने साऱ्या इंग्लंडशी भांडलेले हक्सले. वेल्सचा पिंड तिथे घडला.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. 1895 साली ‘द टाइम मशीन’, 1896 मध्ये ‘डॉक्टर मोरोचे बेट’, 1897 मध्ये ‘अदृश्य माणूस’, 1898 मध्ये ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. चार वर्षांत चार पुस्तके, आणि कापडदुकानातला पोऱ्या जगाचा लेखक झाला. पहिले लग्न मोडले. दुसरी पत्नी एमी कॅथरीन, जिला तो जेन म्हणे, तिच्यापासून त्याला दोन मुलगे झाले : 1901 साली जॉर्ज फिलिप, म्हणजे जिप, आणि 1903 साली फ्रँक. (पत्नीखेरीज इतर स्त्रियांशी त्याचे जे संबंध होते त्यांवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात रस नाही आणि तो मला त्या बाबतीत आवडतही नाही.)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सँडगेट येथे त्याने ‘स्पेड हाऊस’ नावाचे घर बांधून घेतले. वडील आणि मुलगे यांचा खेळ तिथे सुरू झाला. 1911 साली ‘फ्लोअर गेम्स’ या पुस्तकात त्याने या खेळांचे वर्णन केले आहे. लाकडी विटा, फळ्या, किल्लीची आगगाडी, आणि शिपाई एवढ्या सामानातून बेटे वसवायची, शहरे उभारायची. त्या पुस्तकात खेळणी बनवणाऱ्यांविरुद्ध त्याची एक तक्रार आहे, ती मला फार बोलकी वाटते. दुकानात शिपाई हवे तेवढे मिळतात, साधे नागरिक मात्र मिळत नाहीत! शहर वसवायचे तर दुकानदार हवेत, हमाल हवेत, बायका हव्यात. आणि हाती येतात ते सगळे बंदूकवाले.

शिपाई इतके मुबलक होण्यामागे एक कारागिरी होती. 1893 साली लंडनच्या ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, कडेला त्याचा पातळ थर धरला की उरलेला पुन्हा बाहेर काढून घ्यायचा. आत पोकळी राहते, शिसे कमी लागते, किंमत उतरते. त्याआधी जर्मनीहून येणारे भरीव शिपाई महाग पडत. आता मध्यमवर्गीय घरातल्या मुलाकडेही पलटण जमू लागली. त्याच कंपनीची एक छोटी तोफ होती. तिच्यात स्प्रिंग असे आणि ती इंचभर लांबीची लाकडी गोळी मारी. वेल्सच्या सांगण्याप्रमाणे नऊ यार्डांवरचा शिपाई ती पाडू शके.

एके दिवशी दुपारच्या जेवणानंतर वेल्सच्या एका पाहुण्या लेखकाचे लक्ष या तोफेकडे गेले. वेल्सने पुस्तकात त्याची नुसती आद्याक्षरे दिली आहेत, पण ती जे. के. जे. अशी असल्यावर ‘थ्री मेन इन अ बोट’वाला जेरोम ओळखायला कितीसा वेळ लागणार? जेरोमने बसून नेम धरला, एक शिपाई पाडला, आणि वर यजमानाला आव्हान दिले. झाले! दोन प्रौढ, नामांकित लेखक जमिनीवर बसून एकमेकांचे शिपाई टिपू लागले. नुसते टिपण्यात मजा नाही, शिपायांना हलताही आले पाहिजे, आडोसा घेता आला पाहिजे, असे पुढे लक्षात येत गेले आणि एक एक नियम जन्माला आला.

युद्धाचा खेळ ही काही नवी कल्पना नव्हती. आपले चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांचे पटावरचे युद्धच. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘क्रीगस्पील’ तयार केला, आणि 1824 साली मुलाने सुधारलेला खेळ प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. त्यात नकाशे, फासे आणि निवाडा करणारा पंच असे. ‘ट्रेझर आयलंड’चा स्टीव्हन्सनही दाव्होसच्या मुक्कामात आपल्या सावत्र मुलाबरोबर शिशाच्या शिपायांच्या मोहिमा खेळत असे. वेल्सने केले ते वेगळेच. त्याने फासेही ठेवले नाहीत आणि पंचही ठेवला नाही. कोणालाही समजतील असे मोजके नियम लिहिले आणि पुस्तक सामान्य माणसाच्या हाती दिले.

नियम असे : मधोमध पडदा धरून दोन्ही बाजूंनी आपापले सैन्य मांडायचे, म्हणजे शत्रूची मांडणी दिसत नाही. पडदा काढला की खेळ सुरू. एका चालीत पायदळाने एक फूट जायचे आणि घोडदळाने दोन फूट. तोफेच्या सहा इंचांच्या आत आपली चार माणसे असतील तरच ती डागता किंवा हलवता येते, आणि ज्या चालीत ती हलवली त्या चालीत डागता येत नाही. गोळी लागून शिपाई पडला की मेला. दोन तुकड्या भिडल्या की माणसाला माणूस जातो. एखादी तुकडी एकटी पडली आणि संख्येने निम्म्याहूनही कमी असली तर ती कैद होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक चालीला घड्याळ लावलेले. विचार करीत बसायला सवड नाही.

हे वाचून कळत नाही, खेळल्यावर कळते. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला मोडायच्या आधी त्यावरचे मातीचे मावळे आम्ही उचलले, आणि माडीवरच्या खोलीत खडूने नदी आखून, मेंदीच्या डहाळ्या मातीच्या गोळ्यांत खोचून रणांगण केले. पडदा म्हणून आईची जुनी साडी. तोफ नव्हती, तेव्हा कपडे वाळत घालायचा चिमटा आणि रबर यांवर भागवले. एका बाजूला मी आणि धाकटा भाऊ, दुसऱ्या बाजूला मामेभाऊ. हा मामेभाऊ एन.सी.सी.चा, संचलनात पहिल्या रांगेत चालणारा. त्याने दहा मिनिटांत आपले घोडदळ स्वतःच्याच तोफेपुढे आणून उभे केले! पुस्तकात वेल्स म्हणतो की या खेळात लष्करी पेशाची माणसेसुद्धा हमखास घोटाळे करतात. ते वाक्य मी मामेभावाला अजून वाचून दाखवलेले नाही.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली. बाजारातले मावळे घाईघाईने रंगवलेले असतात. भावाने त्यांतले काही खरडून पुन्हा रंगवले होते. बारीक कुंचल्याने फेट्याच्या घड्या, कमरेचा शेला, मिशी, ढालीवरची फुले, असे सगळे. एकेका मावळ्यावर त्याची एकेक संध्याकाळ गेली होती. आता या मावळ्यांना नदी ओलांडायला पाठवायचे म्हटले की त्याचा हात थबके. रंग न दिलेले खुशाल पुढे जात आणि मरत. रंगवलेले देवळाच्या मागे सुरक्षित. त्यापायी आम्ही ती लढाई हरलो. शिवाय वेल्सचे शिशाचे शिपाई पडले तरी पुन्हा उभे राहत. आमचा मातीचा मावळा पडला की मान तुटून जाई, कायमची.

वेल्सच्या वेळी शिपाई कारखान्यातूनच रंगवून येत. शिपाई आपल्या हाताने रंगवण्याचा छंद पुढे वाढला, विशेषतः 1962 साली डोनाल्ड फेदरस्टोन याचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आल्यानंतर. या मंडळींचा काटेकोरपणा इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावा असा असतो. 1815 ची वॉटर्लूची लढाई मांडायची तर इंग्रजांचे पायदळ लाल कोटातले हे ठीक, पण 95 व्या रायफल पलटणीचा कोट हिरवा होता हे ठाऊक हवे. स्कॉट्स ग्रेज पथकाचे घोडे करड्या रंगाचेच हवेत. तळहातावर मावणाऱ्या माणसाच्या बाहीची पट्टी कोणत्या रंगाची, यासाठी ही माणसे जुनी चित्रे आणि पलटणींचे इतिहास धुंडाळतात.

आता वेल्सच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाकडे येऊ. तिथे तो एकदम गंभीर होतो. त्याचे म्हणणे असे की ही लहान लढाई तीन-चार वेळा खेळून पाहा, म्हणजे मोठे युद्ध किती गचाळ प्रकार असला पाहिजे हे आपोआप कळेल. येथे काही शिपाई आणि दोन शहाणी माणसे असून एवढा गोंधळ होतो, तर खऱ्या लाखोंचे काय होत असेल? ज्या राजांना, सेनापतींना आणि देशभक्तांना युद्धाची खुमखुमी आहे त्यांना एका मोठ्या दालनात कोंडावे, तिथे लहान झाडे, लहान घरे आणि हवे तेवढे शिपाई द्यावेत, आणि त्यांनी तिथे मनसोक्त लढावे. बाकीच्यांना आपापली कामे करू द्यावीत. पुस्तकाच्या परिशिष्टात या खेळात रस घेणाऱ्या लष्करी लोकांत कर्नल मार्क साइक्स यांचे नाव भेटते. 1916 साली फ्रान्सच्या पिको यांच्याबरोबर तुर्की साम्राज्याच्या नकाशावर रेघा ओढणारे साइक्स ते हेच. ते नाव तिथे वाचून मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले.

पुस्तक निघाले 1913 मध्ये. एका वर्षात, ऑगस्ट 1914 मध्ये, मोठे युद्ध पेटले. आणि वेल्सने काय केले? ज्याने युद्धखोरांना दालनात कोंडायला सांगितले, त्याने आवेशाने लेख लिहिले आणि त्यांच्या पुस्तकाला नाव दिले ‘युद्ध संपवणारे युद्ध’. 2 सप्टेंबर 1914 रोजी सरकारने प्रचारकार्यासाठी लेखकांची बैठक बोलावली, तिला तो हजर होता. 1918 मध्ये काही महिने त्याने शत्रुदेशांतील प्रचाराच्या खात्यात कामही केले. मला हा वेल्सच्या आयुष्यातला सर्वांत दुःखद भाग वाटतो. त्याला कळत नव्हते असे म्हणायची सोय नाही. 1903 सालच्या एका कथेत त्याने पोलादी रणगाड्यांची कल्पना केली होती. 1914 सालच्याच एका कादंबरीत विमानातून टाकायच्या अणुबाँबचे वर्णन केले होते. काय येणार हे त्याला इतरांपेक्षा अधिक दिसत होते. तरीही रणवाद्ये वाजू लागताच मार्टिन्स हिलवरचा तो हडकुळा मुलगा उठून उभा राहिला, असे मला वाटते.

आणि हे मी त्याच्यावर लादत नाही. वीस वर्षांनी, 1934 मध्ये, आत्मचरित्र लिहिताना त्यानेच ही टेकडी पुन्हा काढली. तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन वर्ष उलटले होते. हिटलर म्हणजे आपल्या तेराव्या वर्षीच्या दिवास्वप्नांपैकी एक, फक्त खरे झालेले, असे वेल्सने लिहिले आहे. इतक्यावर न थांबता त्याने इंग्रज मुत्सद्द्यांचीही नावे घेतली. चर्चिल, एमरी अशा माणसांची मने याच शिपायांच्या खेळावर पोसली गेली आणि राजकारणात ती पोरकटच राहिली, असा त्याचा आरोप आहे. आपण स्वतः त्या अवस्थेतून 1916 ते 1920 च्या दरम्यान केव्हातरी बाहेर पडलो असावे, असे तो थोड्या संकोचाने म्हणतो. हा एमरी पुढे 1940 ते 1945 या काळात आपल्या देशाचा कारभार पाहणारा भारतमंत्री होता. 1942 चे आंदोलन आणि 1943 चा बंगालचा दुष्काळ ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना त्या आरोपाचे वजन कळेल.

म्हणजे 1913 चा वेल्स म्हणतो की हा खेळ माणसाला शहाणा करतो, आणि 1934 चा वेल्स म्हणतो की तो माणसाला पोर ठेवतो. आमच्या इतिहास मंडळात यावर बराच वाद झाला. माझे मत असे की दोन्ही वेल्स एकाच खेळाविषयी बोलत नाहीत. टेकडीवरच्या खेळात फक्त सेनापती होता, मरणारा कोणी दिसत नव्हता. जमिनीवरच्या खेळात पडलेला शिपाई हाताने उचलून पेटीत ठेवावा लागतो. भावाचा हात जिथे थबकला ती जागा नकाशावर नसते. एका प्राध्यापकांना हे पटले नाही. खेळ तो खेळच, आणि पेटीतला शिपाई उद्या पुन्हा उभा राहतो हेच त्याचे मर्म, असे त्यांचे म्हणणे. पण ते शिशाच्या शिपायांविषयी बोलत होते. आमचे मातीचे होते.

युद्धानंतरच्या वेल्सने युद्धाचा इतिहास लिहायचा सोडून माणसाचा इतिहास लिहायला घेतला. 1920 साली प्रसिद्ध झालेली त्याची ‘आउटलाइन ऑफ हिस्टरी’ लक्षावधींनी वाचली. पंडित नेहरूंनीही तुरुंगातून इंदिरेला जगाच्या इतिहासावर पत्रे लिहिताना तिचा आधार घेतला होता. लेनिनला आणि स्टालिनला तो भेटला. जगाचे एकच राज्य व्हावे यासाठी त्याने उरलेले आयुष्य लिहिण्यात घालवले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा म्हातारा, आजारी वेल्स हॅनोव्हर टेरेसमधले आपले घर सोडून गेला नाही. त्याची 1914 ची ती कादंबरी लिओ झिलार्ड या पदार्थवैज्ञानिकाने 1932 मध्ये वाचली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा वेल्स जिवंत होता. 13 ऑगस्ट 1946 रोजी त्याचे निधन झाले.

‘फ्लोअर गेम्स’मधले दोन छोटे खेळगडी तोवर प्रौढ झाले होते. फ्रँक चित्रपटसृष्टीत गेला. जिप प्राणिशास्त्रज्ञ झाला, आणि वडील व ज्युलियन हक्सले यांच्याबरोबर त्याने ‘सायन्स ऑफ लाइफ’ हा जीवशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला. वेल्सची रक्षा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ओल्ड हॅरी रॉक्स नावाच्या पांढऱ्या खडकांपाशी समुद्रात सोडण्यात आली.